अमृतेश्वर, वेळ मिळाल्यास

सप्टेंबर लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर डोंगर कोसळू लागतात. या आठवड्यात कोसळलेल्या जाहिरातीचा कार्यक्रम असा: शुक्रवारी रात्री अकराला ठाण्याहून निघायचं, रविवारी मध्यरात्री परत. मधल्या वेळात कळसूबाईवरचा सूर्योदय, रंधा धबधबा, सांदण दरी, रतनगड, भंडारदऱ्याचं धरण आणि हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा. तळाशी बारीक अक्षरात ‘अमृतेश्वर मंदिर (वेळ मिळाल्यास)’. शेकडो वर्षं रतनवाडीत उभं असलेलं ते कोरीव देऊळ, शेजारची पुष्करिणी, तिच्या कोनाड्यांतल्या मूर्ती, सगळं कंसात.

सूर्योदयाबद्दल मी पुन्हा बोलणार नाही. त्यावरच्या माझ्या आधीच्या लेखानंतर ज्यांनी मला अरसिक ठरवलं, त्यांनी निदान एवढं कळवावं की पावसाळ्यात १६४६ मीटरवर, ढगाच्या पोटात उभं राहून त्यांना नेमकं काय दिसलं. सांदणचंही तेच. पावसाळ्यात ती घळ पाण्याची वाट असते, जाहिरातीत मात्र बाराही महिने कोरडी. आणि रतनगडाला वेळ दिलाय ‘तीन तास, जाऊन-येऊन’. रतनवाडीतून चांगल्या चालीनं निघालं तरी एवढा वेळ वर पोचायलाच जातो. शिड्यांपाशी रांग लागली तर तो हिशेब वेगळा.

पण खरी कमाल पुढे आहे. रविवारी संध्याकाळी पाच वाजता कोकणकड्यावर ‘इंद्रवज्र दर्शन’! इंद्रवज्र म्हणजे धुक्यावर उमटणारं गोल इंद्रधनुष्य. ते दिसायला सूर्य पाठीशी लागतो आणि धुकं समोर, पायांच्या खाली. कोकणकडा पश्चिमेला तोंड करून उभा. संध्याकाळी पाचला सूर्य तुमच्या डोळ्यांत असतो. सकाळी गेलात तर इंद्रवज्र नशिबाचा भाग, संध्याकाळी गेलात तर नशीबही कामाचं नाही. इंग्रज अमदानीत कर्नल साइक्सनं इथल्या इंद्रवज्राची नोंद केली खरी, पण त्याला रविवारी रात्री ठाण्याला पोचायचं नव्हतं.

असे कार्यक्रम आखणाऱ्यांना डोंगर कळत नाही असं म्हणून सोडून देता येईल. मला तसं वाटत नाही. त्यातले बरेच जण माझ्याहून चांगले चढतात. बिघडलं ते हातातल्या वाहनामुळे. टेम्पो ट्रॅव्हलर कधीही निघते आणि कुठेही जाते, त्यामुळे आखणाऱ्याला ‘नाही’ म्हणणारं कुणी उरलेलं नाही. पूर्वी हे काम एसटी करायची. जुन्या वाचकांनी हसून घ्यावं, मी पुन्हा एसटीवर आलोच.

गावात मुक्कामी येणारी गाडी आठवा. दिवेलागणीला शेवटच्या गावात पोचायची, पहाटे परत निघायची. सहलीचा सगळा आराखडा या दोन वेळांनी ठरायचा, लीडर नुसता नावाला. अंधारात चढता येत नाही, म्हणून देवळात नाहीतर शाळेच्या ओट्यावर पथारी. देवळातच पथारी असल्यामुळे देऊळ बघायला वेगळा वेळ काढावा लागत नसे, खांबाखांबावरची नक्षी कंदिलाच्या उजेडात आपोआप पाठ व्हायची. सकाळी चढायचं. लवकर उतरून तरी जाणार कुठे? परतीची गाडी दुसऱ्या दिवशी पहाटे. म्हणून दुपारभर नेढ्यात बसायचं, टाक्याचं पाणी प्यायचं, समोरच्या अलंग-कुलंगच्या नावांवरून भांडायचं. जोडून दुसरा गड करायची हौस कुणाला आलीच तर तिकडची गाडी दुसऱ्याच डेपोतून सुटायची आणि बेत तिथंच संपायचा.

भाकरीचं सांगायला कुणाच्या तरी दारात जावं लागे. त्या घराचं पावसाचं, भाताचं, मुलाच्या नोकरीचं ऐकून घ्यावं लागे. आज पोहे महामार्गावरच्या ढाब्यावर, जेवणाची पाकिटं ठाण्याहून, आणि गावाच्या वाट्याला रिकाम्या बाटल्या.

आणि ड्रायव्हर झोपायचा. एसटीचा ड्रायव्हर-कंडक्टर गावात मुक्काम करायचे तेव्हा त्यांचे हाल काही थोडे नव्हते. डास, गळकं छप्पर, अंघोळीची पंचाईत. पण रात्र होती. या जाहिरातीतला ड्रायव्हर शुक्रवारची रात्र जागून मंडळींना दोन वाजता बारी गावात सोडणार, दिवसा उन्हात सीटवर पाठ टेकणार, जलाशयाच्या काठच्या वळणांवर सगळ्यांना फिरवून राजूरमार्गे पाचनईला नेणार आणि रविवारी रात्री कसारा घाट उतरवणार. कार्यक्रमपत्रिकेत त्याचा उल्लेख ‘पुशबॅक सीट’च्या ओळीतसुद्धा नाही.

आता पुष्कळ गावांतून मुक्कामी गाडी गेली. माझ्यापाशी आकडे नाहीत, पण जिथून ती गेली तिथंच शनिवारी रात्री तंबूंपुढचे स्पीकर चढले, असं माझं ठाम मत आहे आणि ते बदलायची माझी तयारी नाही.

‘एसटीच्या नावानं गळे काढू नका, आम्हाला दोनच दिवस मिळतात’ असं पत्र येईलच. दोनच दिवस मिळतात म्हणूनच म्हणतो, एक गड घ्या. टेम्पो ट्रॅव्हलर खुशाल करा, पण वेळा मुक्कामी गाडीच्या पाळा. शनिवारी दुपारी रतनवाडी. संध्याकाळी अमृतेश्वर, कंसाबाहेर. जेवण आणि झोप गावातच, जेवणाचं दोन दिवस आधी फोनवर सांगून. रविवारी उजाडताच गावातला वाटाड्या घेऊन वर. हवा उघडी असेल आणि वाटाड्या हो म्हणाला तर त्र्यंबक दरवाजानं साम्रदला उतरा, गाडी तिकडे आधीच फिरवून ठेवा. नाहीतर आल्या वाटेनं खाली. साम्रदला उतरलात तर तिथल्या सांदणच्या तोंडाशी उभं राहून आत डोकावा, उतरायचं ते पाऊस सरल्यावर, पाणी ओसरल्यावर. कळसूबाई आणि हरिश्चंद्रगड यांना आपापले वेगळे शनिवार-रविवार द्या, आणि कोकणकड्यावर इंद्रवज्राची आस असेल तर रात्र गडावर काढून सकाळी जा.

ड्रायव्हरची खोली आणि दोन वेळचं जेवण माणशी खर्चात आधीच धरा. सतरा जणांत वाटलं तर डोक्यामागे पन्नास-साठ रुपये पडतात.