आकड्यांच्या गोष्टी : दरडोई म्हणजे कोणाच्या ताटात?



वर्तमानपत्रात 'दरडोई उत्पन्न', 'दरडोई धान्य' असे शब्द तुम्ही वाचले असतील. दरडोई म्हणजे दर डोक्यामागे, एका माणसाच्या वाट्याला. गणित सोपं : एकूण भागिले माणसं. पण आलेलं उत्तर काय सांगतं आणि काय सांगत नाही, ते कळायला हवं. त्यासाठी आज आपण आफ्रिकेच्या दक्षिण भागात जाऊ.

नकाशा उघडा. दक्षिण आफ्रिका आणि मोझांबिक यांच्यामध्ये एक चिमुकला देश दिसेल. तो एस्वातिनी. जुन्या नकाशात त्याचं नाव स्वाझीलँड असेल, कारण हे नाव २०१८ साली बदललं. या देशाची लोकसंख्या सुमारे १२ लाख. पूर्वेकडच्या सखल, उष्ण भागात नजर पोहोचेल तिथपर्यंत ऊस! तिथे पाऊस कमी, म्हणून सगळा ऊस नद्यांच्या पाण्यावर वाढवतात. सिमुन्ये, म्ह्लुमे आणि बिग बेंड इथे साखर कारखाने आहेत.

आता पाटी घ्या. या देशात वर्षाला साधारण ५५ लाख टन ऊस होतो. भागिले १२ लाख. उत्तर येतं माणशी सुमारे ४,५८० किलो. म्हणजे रोज साडेबारा किलो! तान्ह्या बाळाच्या वाट्यालासुद्धा तेवढाच. एवढा ऊस कोण खाणार? दातच पडायचे!

अर्थात कोणी खात नाही. मग खाण्यासाठी खरोखर किती उरतो, हे कसं काढायचं? संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना त्यासाठी प्रत्येक देशाचा ताळेबंद मांडते. पिकलं किती ते लिहायचं, बाहेरून आलेलं मिळवायचं. मग बाहेर विकलेलं वजा, बियाण्याला ठेवलेलं वजा, गुरांना घातलेलं वजा, वाया गेलेलं वजा, कारखान्यात गेलेलं वजा. उरलं ते माणसांचं. त्याला लोकसंख्येनं भागलं की आला दरडोई अन्नपुरवठा.

एस्वातिनीतला जवळजवळ सगळा ऊस कारखान्यात जातो. त्यामुळे 'ऊस' या रकान्यात डोंगराएवढ्या पिकातून खाण्यासाठी अगदी थोडा उरतो. साखरेचा रकाना वेगळा. चांगल्या हंगामात तिथे ६ लाख टनांहून अधिक साखर होते. म्हणजे माणशी ५०० किलो, पन्नास किलोची दहा पोती! पण त्यातली बहुतेक पोती शेजारच्या देशांत आणि पार युरोपपर्यंत विकायला जातात.

मग तिथली मुलं जेवतात काय? मका. मक्याचं पीठ शिजवून केलेली घट्ट उकड हे तिथलं रोजचं जेवण. आणि खरी गोम इथेच आहे. ऊस कालव्याच्या पाण्यावर वाढतो, तर मका बहुतांशी पावसाच्या भरवशावर. २०१५-१६ साली मोठा दुष्काळ पडला. मका करपला, हजारो गुरं मेली. फेब्रुवारी २०१६ मध्ये सरकारनं राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. देशातल्या सुमारे चौथाई लोकांना अन्नाची मदत लागली. डोक्यामागे टनांनी ऊस पिकवणारा देश, आणि घरात पीठ नाही!

मग ऊस वाईट का? तसं नाही बरं का. उसामुळे हजारो लोकांना काम मिळतं. कोमाती नदीवर मागुगा धरण झालं, तेव्हा खाली राहणाऱ्या लहान शेतकऱ्यांनी गट करून, जमिनी एकत्र करून ऊस लावला. त्या पैशातून मका विकत घेता येतो, शाळेची फी भरता येते. पण किंमत कोसळली की घास अडतो. २००६ सालापासून युरोपनं साखरेची ठरलेली किंमत टप्प्याटप्प्यानं ३६ टक्क्यांनी उतरवली, आणि इतक्या दूरचा तो निर्णय इथल्या शेतकऱ्याच्या चुलीपर्यंत पोहोचला.

आणखी एक गंमत पाहा. पाच मुलं आणि उसाच्या दहा कांड्या. एकानंच दहाही खाल्ल्या, चौघं बघत बसले. सरासरी किती? माणशी दोन! सरासरी खोटं बोलत नाही, पण चौघांच्या रिकाम्या हातांबद्दल ती गप्प बसते. म्हणून दरडोई आकडा दिसला की तीन प्रश्न विचारायचे. यातून काय काय वजा केलंय? उरलेलं कोणाकोणाला मिळालं? आणि ज्यांना मिळालं नाही, त्यांच्याकडे विकत घ्यायला पैसे आहेत का?

आता तुमचा गृहपाठ. या महिन्यात घरात आलेली साखर लिहून ठेवा. महिन्याच्या शेवटी डब्यात उरलेली वजा करा. शेजारी वाटीभर दिली असेल, ती वजा करा. सांडलेली, मुंग्यांनी नेलेली तीही अंदाजानं वजा करा. राहिलेल्या साखरेला घरातल्या माणसांनी भागा. झाला तुमच्या घराचा ताळेबंद! मग आजोबा बिनसाखरेचा चहा पितात का, आणि त्यांच्या वाट्याची साखर कोण खातं, तेही शोधून काढा!