कुंपण काट्यांचे की अडुळशाचे?

पावसाळ्याच्या तोंडी शेताला काटेरी कुंपण घालावयाचे, ही अनेक गावांची जुनी रीत आहे. त्यासाठी बाभूळ व बोरीच्या फांद्या दरवर्षी तोडल्या जातात. त्यांना वाळवी लागते, त्या मोडतात आणि पुढील वर्षी पुन्हा कोयता चालतो. यात मजुरी खर्च होते, झाडे ओकीबोकी होतात आणि जमिनीच्या पदरात काहीच पडत नाही. त्याऐवजी बांधावर अडुळसा लावणे अधिक शहाणपणाचे होय.

अडुळसा हे सदाहरित झुडूप साधारणतः एक ते अडीच मीटर उंच होते. त्याची पाने लांबट व टोकदार असून फुले पांढरी, जांभळट रेषांची असतात. पाने अतिशय कडू असल्यामुळे गुरे व शेळ्या त्यांना सहसा तोंड लावीत नाहीत. म्हणून राखणीवाचूनही हे झुडूप टिकते.

अडुळशाला काटे नाहीत, तेव्हा गुरे अडतील कशी, असा आक्षेप घेतला जातो. विरळ, एकेरी ओळीपुरता तो खरा आहे. यासाठी पावसाच्या आरंभी पक्व फांद्यांची १५ ते २० सेंटिमीटर लांबीची, तीन-चार डोळ्यांची छाटे घ्यावीत व ती सुमारे ३० सेंटिमीटर अंतरावर दोन ओळींत, एकाआड एक लावावीत. शेंडे वेळोवेळी खुडल्यास बुडापासून फुटवा येऊन कुंपण दाट होते. ते दाटेपर्यंत मात्र बाहेरून काट्यांचा आधार ठेवावा.

छाटणीत मिळणारा पाला हा या कुंपणाचा खरा नफा होय. भातखाचरात चिखलणीच्या वेळी कोवळ्या फांद्यांसह तो गाडल्यास उत्तम हिरवळीचे खत होते. ज्या घरी शेणाच्या गोवऱ्या होतात व शेतास शेणखत अपुरे पडते, तेथे तर हा पाला मोलाचा आहे.

खोकल्यावरील अडुळशाचा उपयोग आयुर्वेदास पूर्वापार ज्ञात आहे. पानांतील व्हॅसिसीन या द्रव्याच्या आधारे ब्रोमहेक्सीन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले. तथापि वैद्याच्या सल्ल्यावाचून काढा घेऊ नये. गर्भवती स्त्रियांनी तर तो कटाक्षाने टाळावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी यंदा निदान एका शेतकऱ्याच्या बांधावर अशी दुहेरी ओळ लावून घ्यावी. छाटे शेजाऱ्याकडून विनामूल्य मिळतात. लागतो तो दोन वर्षांचा धीर. एकदा कुंपण दाटले, की पुढील लावणीची छाटे त्याच बांधावरून साऱ्या गावास देता येतील.