डोरलीवर कोयता का?

चाकणकडील बांधांवरचे डोरलीचे काटेरी झुडूप पुष्कळांस निरुपयोगी वाटते. वास्तविक दशमुळांतील बृहती ती हीच. बटाटा, टोमॅटो हे तिचे भाऊबंद अमेरिकेतून आले. ही मात्र येथलीच. तिच्या जांभळ्या फुलातील पराग कोशाच्या टोकाशी असलेल्या सूक्ष्म छिद्रांआड कोंडलेला असतो. भुंगा फुलास बिलगून अंग थरथरवितो, तेव्हा तो झरतो. मधमाशीस ही विद्या नाही! वांग्याच्या फुलासही हाच पाहुणा उपयोगी पडतो. १९६२ नंतर पिंपरी-भोसरीचे माळ कारखान्यांसाठी सपाट झाले, ते एकवेळ समजू. परंतु शाळेच्या आवारात स्वच्छतेच्या नावाखाली तिजवर कोयता का चालावा? काटे बोचतात, फळे मुलांनी तोंडात घालण्याजोगी नव्हेत, हे मान्य. तरी खेळाच्या जागेपासून दूर, मागील कुंपणाशी दोन झुडपे राहू द्यावीत, असे आमचे स्पष्ट मत आहे.