कॅमेऱ्याशी दोस्ती : नानीने विचारलेला दरवाजा

या महिन्यात आलेल्या छायाचित्रांतून मुरूडच्या जंजिऱ्याचं एक छायाचित्र चर्चेसाठी घेतलं आहे. ते पाठवणारी भगिनी कॉलेजात शिकते. तिच्या नानीचं बालपण किल्ल्यातल्या वस्तीत गेलं. १९४८ मध्ये जंजिरा संस्थान विलीन झालं, पुढे किल्ल्यातली वस्तीही उठली. आज आत गोड्या पाण्याचे तलाव, तोफा, पडका वाडा आणि झाडोरा आहे. नानीला आता होडीत चढणं-उतरणं झेपत नाही. म्हणून तिच्या खोलीत लावायला नातीने राजपुरीच्या धक्क्यावरून मोबाईलने हे छायाचित्र काढलं.

घरच्या ग्रुपवर सगळ्यांनी ‘माशाअल्लाह, खूप छान’ असं लिहिलं. नानीने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “यात दरवाजा कुठंय?” नात आम्हाला विचारते, नेमकं काय चुकलं?

आधी जमलेल्या गोष्टी. किल्ला पूर्ण आला आहे, तटाचं टोक कुठे कापलेलं नाही. पाण्याची पट्टी सोडल्यामुळे हा बेटावरचा किल्ला आहे हे लगेच कळतं. ‘जंजिरा’ हा शब्दच मुळी अरबी ‘जझीरा’वरून, म्हणजे बेटावरून आला आहे.

आता न जमलेल्या गोष्टी. समुद्राची रेघ चित्राच्या बरोबर मधून जाते आणि उजवीकडे कलते. त्यामुळे अर्धं चित्र कोरं आकाश, अर्धं कोरं पाणी आणि मधे किल्ल्याची बारीक पट्टी. मोबाईलच्या सेटिंगमध्ये ‘ग्रिड’ चालू केलं की पडद्यावर दोन आडव्या, दोन उभ्या रेघा दिसतात. समुद्राची रेघ त्यातल्या एका आडव्या रेघेला लावा. ढग सुंदर असतील तर खालच्या, पाणी सुंदर असेल तर वरच्या.

डाव्या कडेला निळं पिंप अर्धवट घुसलं आहे. नजर आधी तिथेच जाते. दोन पावलं उजवीकडे सरकलं असतं तर ते गेलं असतं. बटण दाबण्याआधी चौकटीच्या चारही कडांवरून एकदा नजर फिरवायची सवय लावा.

छायाचित्र झूम करून काढल्यामुळे तटाचे दगड विरघळल्यासारखे दिसतात. बहुतेक मोबाईल लांबचं दृश्य बरंचसं ताणून मोठं करतात, त्यात बारकावे जातात. आणि समुद्रकाठी लेन्सवर खारट ओल बसते, ती मऊ कापडाने आधी पुसून घ्या.

नंतर आकाशाला नारिंगी रंग दिला आहे. पण तटावरच्या सावल्या सांगतात की ऊन भर दुपारचं आहे. सावली दुपारची आणि आकाश मावळतीचं, हे डोळ्याला पटत नाही. जंजिऱ्याचा दर्शनी तट राजपुरीकडे, म्हणजे पूर्वेकडे आहे. त्यामुळे सकाळचं ऊन थेट त्याच्यावर पडतं. बुरुजाची एक बाजू उजळते, दुसरी सावलीत राहते आणि त्याची गोलाई कळते. संध्याकाळी सूर्य किल्ल्यामागे जातो. तेव्हा काळी आकृती देखणी दिसते, पण दगड दिसत नाहीत. नानीला दगड हवेत, तर सकाळी जा.

आता नानीचा प्रश्न. जंजिऱ्याचा महादरवाजा राजपुरीच्या बाजूलाच आहे, पण बुरुजांच्या आड असा बांधला आहे की अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. शत्रूला चकवण्याची ही युक्ती छायाचित्र काढणाऱ्यालाही चकवते. किनाऱ्यावरून नुसता तट दिसतो आणि नजर त्याच्यावर आपटून परत येते.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, होडीची वाट पाहा. शिडाची होडी किल्ल्याकडे निघाली की तिला पाण्याच्या खालच्या भागात घ्या आणि तिच्या पुढे मोकळं पाणी ठेवा. नजर होडीत बसते आणि जिथे दरवाजा आहे तिकडे आपोआप जाते. छोट्या होडीमुळे सुमारे ४० फुटी तटाची उंचीही कळते. दुसरा, स्वतः होडीत बसा आणि जवळ गेल्यावर दरवाजाचं वेगळं छायाचित्र काढा. पंजांत हत्ती धरलेल्या प्राण्याचं दगडी शिल्पही टिपा. नानी लहानपणी त्याच्याजवळून ये-जा करत असेल. पावसाळ्यात होड्या बंद असतात, म्हणून तो बेत उघाडीनंतरचा.

घरच्यांसाठीही एक विनंती. मुलांनी छायाचित्र दाखवलं की ‘छान’ म्हणा, पण तिथे थांबू नका. नजर आधी कुठे गेली, मग कुठे गेली आणि काय नसतं तरी चाललं असतं, एवढं सांगा. नानीने कॅमेरा कधी हातात धरला नसेल, पण या छायाचित्राचं सर्वांत नेमकं परीक्षण तिनेच केलं. तिने ते खरोखर पाहिलं होतं.

या भगिनीने पुन्हा जाऊन दोन्ही छायाचित्रं काढावीत आणि आधी नानीला दाखवावीत. आम्हाला नंतर पाठवली तरी चालतील.

पुढच्या महिन्यासाठी अभ्यास : घराजवळची एखादी जुनी वास्तू निवडा. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी एकाच जागी उभं राहून तिचं एकेक छायाचित्र काढा. तिन्ही पाठवा, रंग न बदलता.