मुक्कामाची जागा आणि ओळख लपवण्याची सक्ती

साकोली तालुक्यातील एकोडीसारख्या गावांतून दरवर्षी तरुण धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला आणि ६ डिसेंबरला मुंबईला जातात. अलीकडे महाबोधी महाविहार मुक्ती आंदोलनासाठी बोधगयेलाही जाऊ लागले आहेत. एकाच गाडीत दाटीवाटीने बसायचे, शिदोरी वाटून खायची, विहारात नाहीतर समाजभवनात सतरंजीवर रात्र काढायची. चळवळीचे अर्धे शिक्षण याच प्रवासात होते.

अशाच एका प्रवासानंतर या परिसरातील एक तरुण आम्हाला म्हणाला, "भाऊ, पुढच्या वर्षी मी नाही येत." तो समलिंगी आहे, हे सोबतच्या कोणालाही माहीत नव्हते. तरीही वाटभर 'छक्का' या शब्दावर हशा पिकत राहिला. रात्री अंथरूण टाकताना कोणीतरी त्याला म्हणाले, "याच्याजवळ नको रे बाबा." म्हणणाऱ्यासाठी ती गंमत होती. हा मात्र रात्रभर जागा राहिला.

समलिंगी प्रवाशांना नेहमी एकच सल्ला मिळतो : सांगू नका, दिसू देऊ नका. हा सल्ला आंबेडकरी समाजाला नवा वाटायला नको. १९१७ मध्ये परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत पारशी नाव लिहून त्यांना राहावे लागले. ओळख उघड होताच काठ्या घेतलेला जमाव दारात आला. त्यानंतर एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, अशा दोन मित्रांकडे त्यांनी आसरा मागितला. दोघांच्याही घरी जागा झाली नाही. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी हे सारे लिहून ठेवले आहे.

जात आणि लैंगिक कल या दोन गोष्टी एकसारख्या नाहीत. जात पिढ्यानपिढ्या जमीन, पाणी आणि रोजगार हिरावून घेते. पण मुक्कामाच्या दारात उभे राहून खोटे बोलायला लागणे म्हणजे काय, हे आपल्याइतके कोणाला कळणार? आणि याच समाजात जो समलिंगी आहे, त्याला दोन्ही ओळखी सांभाळत प्रवास करावा लागतो.

हा विषय 'बाहेरचा' आहे, असे म्हणणाऱ्यांसाठी एक आठवण. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला. वादातील मजकुरात समलिंगी संबंधांविषयीच्या वाचकांच्या प्रश्नांची उत्तरेही होती. १९३४ मध्ये कर्व्यांची बाजू मांडायला बाबासाहेब उभे राहिले होते.

आता कायदा काय म्हणतो? ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. दोन सज्ञान पुरुषांनी किंवा स्त्रियांनी लॉजमध्ये एक खोली घेणे गुन्हा नाही. ओळखपत्र दाखवावे लागते, नाते सिद्ध करावे लागत नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने मात्र समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही. म्हणजे गुन्हा नाही, पण नात्याला कागदही नाही. प्रवासात जोडीदार दवाखान्यात दाखल झाला, तर ही उणीव लगेच जाणवते.

देशाबाहेरच्या धम्मयात्रेला निघणाऱ्यांनी तर कायदा आधी पाहावा. थायलंडमध्ये २३ जानेवारी २०२५ पासून समलिंगी विवाह कायदेशीर आहे. श्रीलंकेत मात्र ब्रिटिशांनी आणलेली दंडात्मक कलमे अजून पुस्तकात आहेत. दोन्ही देश बौद्ध. म्हणजे हा धम्माचा निर्बंध नाही, वसाहतीचा वारसा आहे.

समलिंगी तरुणांना आमचे सांगणे थोडे आहे. कुठे जातो आणि कोणाला भेटतो, हे विश्वासातल्या एकाला तरी कळवा. ॲपवर ओळख झालेल्या माणसाची पहिली भेट वर्दळीच्या ठिकाणीच घ्या. फोटो काढून पैसे उकळणाऱ्या टोळ्या आहेत. तसे झाले तर पैसे देऊ नका, संदेश पुसू नका, ११२ वर फोन करा. खंडणी मागणारा गुन्हेगार आहे, तुम्ही नाही. विहारात आणि स्तूपाजवळ जी शिस्त सगळ्यांना, तीच तुम्हाला. आपण उघडपणे वावरत असलो, तरी सोबत्याची ओळख त्याला न विचारता कोणाला सांगू नका.

खरी शिस्त मात्र आपल्याला, म्हणजे सहप्रवाशांना आणि यजमानांना लागणार आहे. "लग्न कधी?" हा प्रश्न गाडीत फिरवू नका. कोणी विश्वासाने सांगितले तर ते तिथेच ठेवा, व्हॉट्सॲप ग्रुपवर नेऊ नका. झोपायची जागा आणि अंघोळीची आडोशाची सोय सगळ्यांसाठी नीट करा. कोणी टिंगल सुरू केली तर संयोजकाने तिथल्या तिथे थांबवावी. टिंगल सहन करणाऱ्याने उठून बोलावे, ही अपेक्षा ठेवू नका.

आपण रोज पंचशील घेतो. तिसरे शील कामातील मिथ्याचारापासून दूर राहायला सांगते, म्हणजे फसवणूक आणि जबरदस्तीपासूनही. ते सर्वांना सारखेच लागू आहे. सम्यक वाचा मात्र गाडीत बसल्याबरोबर आपण विसरतो.

यंदा एकोडीहून किंवा तुमच्या गावाहून गाडी निघेल, तेव्हा संयोजकांनी भाडे आणि वेळ सांगताना एक वाक्य जोडावे : या गाडीत कोणाचीही टिंगल होणार नाही. खर्च काहीच नाही. आणि "मी नाही येत" म्हणणारा तो तरुण कदाचित गाडीत बसेल.

जयभीम!