पाढा पाठ होतो तेव्हा

कुंकवासाठी ओळखल्या जाणाऱ्या केमच्या आणि करमाळा तालुक्यातल्या आमच्या वाचकांसमोर यंदा मेंदूचा विषय ठेवत आहोत. मुलाचा पाढा पाठ होतो, तेव्हा आत काय घडतं? दोन चेतापेशींच्या जोडात जेमतेम 20 नॅनोमीटरची फट असते. पलीकडच्या पेशीवर संदेश झेलणारे रिसेप्टर सतत सरकत असतात. पीएसडी-95 सारखी प्रथिनं त्यांना जोडावर धरून ठेवतात. शिकताना तिथले रिसेप्टर वाढतात आणि जोड बळकट होतो. शँक-3 या आधार देणाऱ्या प्रथिनाच्या जनुकात बिघाड झाला, तर स्वमग्नता उद्भवू शकते. म्हणूनच हा विषय प्रयोगशाळेइतकाच घराचा आणि शाळेचाही आहे.

या अंकात आम्ही प्रथिनांपासून निघून वर्गापर्यंत आलो आहोत. पालकांनी, शिक्षकांनी आपले प्रश्न आणि अनुभव आम्हाला जरूर कळवावेत.