सायलेन्सर घरी जरूर बदला, आवाज मात्र वाढवू नका

गेल्या महिन्यात माझा भाचा एक लांबट खोकं घेऊन घरी आला. आत चकचकीत स्टीलचा सायलेन्सर आणि एक सरळ पाइप होता. त्याच्या सेकंडहँड गाडीचा जुना सायलेन्सर गंजून फुटला होता, म्हणून त्यानं हा माल परस्पर मागवला होता. म्हणाला, "मामू, गॅरेजकू नको जाना. अपनच बिठाएंगे."

मला आनंद झाला आणि धास्तीही वाटली. आनंद अशासाठी, की पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेला हा मुलगा हात काळे करून घ्यायला तयार होता. धास्ती वाटली ती खोक्यावरचा बारीक मजकूर वाचून. हा माल रस्त्यावरच्या वापरासाठी नाही, असं त्यावर बनवणाऱ्यानंच छापलं होतं.

आधी आनंदाविषयी. माझे अब्बा मिस्त्री होते. आपल्या समाजात गॅरेज, वेल्डिंग, डेंटिंग-पेंटिंग, भंगार या धंद्यांत पिढ्यान्‌पिढ्या राबणारी माणसं कमी नाहीत. पण एक विचित्र फाळणी झाली आहे. जो पोरगा बाराव्या वर्षी गॅरेजात 'छोटू' म्हणून लागतो, त्याची शाळा सुटते. आणि जो कॉलेजात जातो, त्याला पाना हातात धरण्याची लाज वाटते. शिकलेल्याच्या हाताला काम माहीत नाही आणि काम करणाऱ्याला त्या कामामागचं शास्त्र कुणी सांगितलेलं नाही. म्हणून एखादा शिकणारा मुलगा स्वतः गाडीखाली शिरत असेल, तर त्याला अडवू नये, असं माझं मत आहे. मात्र त्याच्याबरोबर जाणत्या माणसानं उभं राहावं.

कारण हे काम अवघड नसलं तरी बेपर्वाईला माफ करणारं नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही. गाडीबरोबर मिळणारा जॅक चाक बदलण्यापुरता असतो. सपाट, पक्क्या जमिनीवर लोखंडी घोड्या लावायच्या, जमिनीवर टेकलेल्या चाकांना लाकडी पाचर द्यायची, हँडब्रेक ओढायचा. विटा रचून काम भागवणारे मी पाहिले आहेत. वीट फुटली की सावरायला वेळ मिळत नाही. इंजिन बंद करून काही तास थांबायचं, कारण पाइप बराच वेळ तापलेला राहतो. डोळ्यांना चष्मा हवा, कारण खाली पडल्यापडल्या गंजाची पूड थेट डोळ्यांत येते.

गंजलेले नट आदल्या रात्रीच गंज सोडवणाऱ्या तेलानं भिजवून ठेवावेत. घाई करून जोर लावला की बोल्ट तुटतो आणि अर्ध्या तासाचं काम दिवसभर पुरतं. सायलेन्सर ज्या रबरांवर लटकतो, त्यांना साबणाचं पाणी लावलं की ती सहज निघतात. जुना आणि नवा शेजारी ठेवून लांबी, वाक, हूक जुळतात का ते पाहायचं. जोडावरची पॅकिंग नवीच घालायची. सगळे नट आधी सैल लावायचे, पाइप बंपरला, ब्रेकच्या नळीला किंवा पेट्रोलच्या नळीला टेकत नाही ना ते तपासायचं आणि मग इंजिनाकडून मागं येत आवळायचे. शेवटी गाडी उघड्यावर चालू करायची, बंद खोलीत कधीच नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. माणूस बेशुद्ध पडेपर्यंत काही कळत नाही. पाइप तापण्याआधी जोडांवर साबणाचं पाणी टाकलं, की जिथं बुडबुडे येतात तिथं गळती असते.

आता धास्तीविषयी. खोक्यातला सरळ पाइप कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून त्या जागी बसवायचा होता. 'त्यानं पॉवर वाढते' असं भाच्याला मित्रांनी सांगितलं होतं. या डब्यात आत बारीक छिद्रांची जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा महागड्या धातूंचा पातळ थर असतो. तापलेला धूर त्यातून जाताना कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांचा विषारीपणा बराचसा संपतो. मुंबईसह चार महानगरांत 1 एप्रिल 1995 पासून नव्या पेट्रोल गाड्यांना तो सक्तीचा झाला. तो काढला तर साध्या छोट्या गाडीला जाणवेल अशी ताकद मिळत नाही. उलट सेन्सर गोंधळतो, डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागतो आणि मागच्या रिक्षात बसलेल्या बाईच्या पोराच्या नाकात जास्त विष जातं.

भाचा म्हणाला, "फिर आवाज तो आना ना, मामू!" खरी गोष्ट हीच होती. पॉवर हे निमित्त होतं.

आमच्या गल्लीत भिंतीला भिंत लागून घरं आहेत. समोरच्या आपांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आहे. शेजारी दोन महिन्यांचं बाळ आहे. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. भोंग्यांवरून वाद पेटतो तेव्हा आपण म्हणतो, नियम सगळ्यांना सारखा लावा. बरोबरच आहे. मग तो आपल्या पोरांच्या सायलेन्सरलाही लागतो. डीजेच्या भिंतींनी आपल्या म्हाताऱ्यांचं काळीज हलतं, तसंच या फटाक्यांसारख्या आवाजानंही हलतं.

कायदाही मोघम नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 182अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. आवाज आणि धुराचे मापदंड मोडले, तर कलम 190 खाली 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि वर तीन महिने परवाना गमावण्याची पाळी येऊ शकते.

"पोलिसांना आपलीच पोरं दिसतात, मोठ्यांच्या गाड्या गरजत जातात त्या नाही दिसत," असं चौकात बोललं जातं. या तक्रारीत अजिबात तथ्य नाही, असं मी म्हणणार नाही. कारवाई सरसकट झाली पाहिजे, ही मागणी आपण केलीच पाहिजे. पण दुसऱ्याची गाडी सुटली म्हणून आपांची झोप मोडण्याचा हक्क आपल्याला मिळत नाही. शिवाय अन्यायाविरुद्ध बोलणाऱ्याची स्वतःची बाजू स्वच्छ असावी लागते.

शेवटी आम्ही कंपनीच्या मापाचा साधा सायलेन्सर आणला आणि एका रविवारी अंगणात बसवला. चार तास लागले. एक बोल्ट तुटला, तो अब्बांच्या जुन्या छिन्नीनं काढावा लागला. गाडी चालू केली तेव्हा भाचा क्षणभर हिरमुसला, कारण काही ऐकूच येत नव्हतं. मग तो पुन्हा खाली वाकला आणि स्वतः आवळलेल्या प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी टाकत बसला. कुठंही बुडबुडा आला नाही. ही गोष्ट त्यानं त्या दिवशी घरातल्या प्रत्येकाला किमान दोनदा सांगितली.

प्रत्येक मोहल्ल्यात एखादा निवृत्त मिस्त्री असतो. महिन्यातून एक रविवार त्यानं कॉलेजच्या मुलांना द्यावा आणि मुलांनी गॅरेजातल्या छोटूला त्या बदल्यात वाचायला-लिहायला शिकवावं. याला देणगी लागत नाही, इमारतही लागत नाही.

तो सरळ पाइप अजून माळ्यावर पडला आहे. भाचा म्हणतो, मित्राला विकून टाकतो. मी म्हटलं, ज्या कारणासाठी आपण लावला नाही, त्याच कारणासाठी विकायचाही नाही. भंगारात वजनावर जाईल. पैसे बुडतील, हे खरं. त्यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.